दोन दिवसांची मुंबई

मराठीत मुंबईविषयी विपुल लिहिले गेले आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९६३ मध्ये, जयवंत दळवींची ‘चक्र’ आली आणि १९६५ मध्ये भाऊ पाध्यांचे ‘वासूनाका’. ही सारी मुंबईत राहणाऱ्यांची, तिथे तगून राहू पाहणाऱ्यांची मुंबई आहे. दोन दिवसांसाठी येऊन परत जाणारा माणूस आपल्या साहित्यात बहुधा विनोदापुरताच येतो: पत्ता चुकणारा, लोकलमध्ये गोंधळणारा. माझ्या मते ही आपल्या साहित्यदृष्टीतील मोठी उणीव आहे.

जुळे सोलापुरातील एखाद्या नवविवाहित जोडप्याची पहिली मुंबई सहल डोळ्यांसमोर आणावी. आमच्या भागात लग्नानंतरचा पहिला प्रवास हा सहसा देवदर्शनाचा असतो. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट. सोबत सासू-सासरे, नणंद, एखादी आत्या. त्यानंतर कधीतरी दोघेच रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसतात आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतात. पुढे ‘मुंबई दर्शन’ची बस ठरलेली.

हा ‘दर्शन’ शब्द विचार करण्याजोगा आहे. देवदर्शनात आपण देवाला पाहतो आणि देवही आपल्याला पाहतो, अशी श्रद्धा असते. शिवाय घरची मंडळी पाहत असतातच. मुंबई मात्र आलेल्याकडे पाहत नाही. शहराच्या या अलिप्ततेला आपल्या लेखकांनी एकाकीपण म्हटले, परात्मता म्हटले. ज्या सुनेचे उठणे-बसणे रोज कोणाच्या ना कोणाच्या नजरेखाली चालते, तिला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर नवऱ्याशेजारी तासभर बसता येणे हे परात्मतेचे दुःख कसे वाटेल? कोणी पाहत नाही, हीच तिला शहराने दिलेली भेट आहे.

अशी सहल उथळ असते, असा एक आक्षेप घेतला जातो: गेटवेसमोर छायाचित्र काढायचे, म्हातारीचा बूट पाहायचा आणि परतायचे. परंतु पाहणाऱ्याने सोबत काय आणले आहे, हे आक्षेपक विचारात घेत नाहीत. घारापुरीच्या लेण्यात कल्याणसुंदर शिवाचे शिल्प आहे. विवाहप्रसंगीची पार्वती शिवाच्या उजव्या बाजूला, किंचित मान झुकवून उभी आहे. सोलापूरचे जोडपे दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा पाहत आलेले असते. कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी होणारा प्रतीकात्मक विवाह त्यांना तपशीलवार ठाऊक असतो. अफाट गर्दीत अक्षता टाकणारे हे दोघे घारापुरीला दगडातल्या लग्नापुढे उभे राहतात, तेव्हा त्यांचे पाहणे मार्गदर्शक-पुस्तिका वाचून आलेल्या रसिकाहून उणे असेल, असे मानण्यास मला कारण दिसत नाही.

प्रश्न उरतो तो लिहिण्याचा. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) ही मराठीतील अत्यंत लोकप्रिय प्रवासकथा. त्या प्रवासात सुनीताबाई सोबत होत्या. पुस्तकात त्या वारंवार भेटतातही, पण पुलंच्या नजरेतून. प्रवास दोघांचा, हकीकत एकाची. पुस्तकाची थोरवी याने कमी होत नाही, पण आपल्या प्रवासवर्णनाची घडण मात्र यातून कळते. सहलीत पती निवेदक असतो आणि पत्नी प्रसंगातील पात्र.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना विद्यार्थ्यांना आपल्या आई-वडिलांची पहिली शहर-सहल लिहायला सांगावी. वडिलांना वेगळे विचारून आणि आईला वेगळे विचारून. वडील बहुधा स्थळे, भाडी आणि गाड्यांच्या वेळा सांगतील. आई काय सांगेल, याचा अंदाज आपल्या उपलब्ध प्रवासवाङ्मयावरून करता येत नाही. तो करता येत नाही, एवढे एकच कारण हा स्वाध्याय देण्यास पुरेसे आहे.