कर्णाचा प्रमाद आणि मराठी वाचकाची सहानुभूती

होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याचा पहिलाच शब्द ‘क्रोध’ या अर्थाचा आहे. नायकाचा दोष झाकण्याऐवजी कवीने त्यालाच काव्यविषय केले आहे. अकिलीज रुसून युद्धातून अंग काढून घेतो, त्यातून त्याचा सखा पॅट्रोक्लस मारला जातो आणि अठराव्या सर्गात तो स्वतःच आपल्या क्रोधाचा धिक्कार करतो. पॉलिडॅमसचा सल्ला अव्हेरून आपण सैन्याचा घात केला, हे हेक्टरही बाविसाव्या सर्गात मान्य करतो. आपल्या कृतीचे मोल ओळखून ते चुकते करण्यातच या वीरांची थोरवी आहे.

महाभारतातील कर्ण याच कुळातला आहे. द्यूतसभेत द्रौपदीची निर्भर्त्सना करून तिची वस्त्रे हिरावून घेण्यास दुःशासनाला सांगणारा कर्ण व्यासांनी लपविलेला नाही. घोषयात्रेत गंधर्वांपुढून त्याने काढलेला पळही वनपर्वात नमूद आहे. उद्योगपर्वात मात्र, दुर्योधनाच्या प्रीत्यर्थ पांडवांना आपण कटू बोललो याचा पश्चात्ताप तो श्रीकृष्णापाशी व्यक्त करतो. आणि जन्मरहस्य कळूनही, पराभव समोर दिसत असूनही, दुर्योधनाचा पक्ष सोडत नाही. अपराधाची जाणीव आणि निष्ठा यांतील हा ताण हेच या व्यक्तिरेखेचे खरे वैभव होय.

१९६७ साली मराठीत दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले : शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’. पुढे १९७३ मध्ये रणजित देसाई यांची ‘राधेय’ आली. कादंबऱ्यांतील कर्ण घरोघरी पोहोचला. ‘युगान्त’मधील ‘मी कोण?’ या लेखाची चिकित्सा मात्र अभ्यासकांपुरतीच राहिली. परिणामी पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत कोणत्याही वर्गात कर्णाचे नाव निघाले, की उत्तर ठरलेले असते : तो अन्यायाचा बळी. या उत्तराला आधार म्हणून स्वयंवरातील अपमान हमखास सांगितला जातो. सूतपुत्र म्हणून द्रौपदीने कर्णाला नाकारल्याच्या या कथाभागाला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या, १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत स्थान नाही, याची दखल क्वचितच घेतली जाते.

जन्मावरून होणाऱ्या अवहेलनेची वेदना या कादंबऱ्यांनी वाचकांच्या अंतःकरणाला भिडविली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मूळ कथेला नवे वळण देण्याचे कादंबरीकाराचे स्वातंत्र्यही मान्य करावयास हवे. अध्यापकाला मात्र ती मोकळीक नाही. द्यूतसभेतील वर्तनाची सारी जबाबदारी दैवावर आणि अपमानावर ढकलली, तर उद्योगपर्वातील पश्चात्ताप निरर्थक ठरतो. ज्याच्या हातून काहीच चुकले नाही, त्याने पश्चात्ताप कशाचा करावयाचा? बळी केवळ सोसतो. वीर निवड करतो आणि तिचे उत्तरदायित्व पत्करतो. कर्णाला दोषमुक्त करण्याच्या भरात त्याचे वीरत्वच हिरावले जाते. ‘मृत्युंजय’ शिकविताना सभापर्व व उद्योगपर्व यांचे वाचन अनिवार्य मानले जावे, ते याचसाठी.