न तपासलेले तारण

बँकेत असताना यवतमाळ जिल्ह्यात बोअरसाठीची कितीतरी कर्जे मी मंजूर केली. सातबारा पाहिला, जामीनदार पाहिला. पाण्याचा तपासणी अहवाल मात्र कधी मागितला नाही. घरात प्यायलाही तेच पाणी जाई.

केळापूर, झरी-जामणी या भागांत खडकातले फ्लोराईड भूजलात उतरते. त्याला ना रंग, ना वास. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ओलांडणारे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की मुलांचे दात डागाळतात, पुढे सांधे आखडतात. उकळूनही उपयोग नाही. वाफ उडते, फ्लोराईड मागेच राहते.

दात हिरडीत घडतानाच हा डाग पडतो, मग आयुष्यभर जात नाही. म्हणून वाचकहो, बोअरला पाणी लागले की नारळ जरूर फोडा. पण घरातल्या लेकराला पहिला पेला देण्याआधी बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत पाठवा.