पाचट पेटवू नका

ऊस तुटला की राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाच्या शिवारात पाचट पेटते. लोणीत १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, या भागाला समृद्धी आली. पण हा धूर त्या समृद्धीची अटळ किंमत नाही.

धुरातले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरतात. दमेकरी आजोबा, गरोदर सून, रांगतं बाळ यांना त्याचा त्रास अधिक. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांत तर चुलीच्या धुराची भर! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली; भारतात ती ४० आहे.

खोडव्यात पाचट न जाळता त्याची कुट्टी करून युरिया, सुपर फॉस्फेट, जिवाणू संवर्धक टाकलं की खत होतं, ओलही टिकते. कारखान्यांनी तोडीपाठोपाठ कुट्टीयंत्र बांधावर पाठवावं.