विधवाविवाहाचा कायदा आणि कोकणातला पाट

१८५६ च्या जुलैत रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. त्याच महिन्यात कंपनी सरकारने विधवाविवाहाचा कायदा संमत केला. पाठ्यपुस्तकांत तो स्त्रीमुक्तीची पहाट म्हणून येतो. ती पहाट कोणाच्या अंगणात उजाडली, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

रत्नागिरी जिल्ह्यातील कुणबी आणि अन्य श्रमिक जातींत विधवेचा पुनर्विवाह, म्हणजे पाट, पूर्वापार रूढ होता. पेशवाईत त्यावर ‘पाटदाम’ ही पट्टी वसूल होई. अर्थात हे लग्न राज्यसत्तेलाही मान्य होते. संसार जमला नाही तर पंचांपुढे काडीमोडही होई. (पेशवाई म्हणजे स्वर्ग नव्हे. व्यभिचाराच्या आरोपावरून स्त्रीला बटीक करण्याचाही तोच काळ.)

नव्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारी विधवा मृत पतीच्या मिळकतीपुरती मृतच ठरवली. ज्या जातींत पुनर्विवाह निषिद्ध होता, त्यांच्यासाठी हा कायदा आला होता. तरीही १८९६ मध्ये ‘विठू विरुद्ध गोविंदा’ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हे कलम पाट चालणाऱ्या जातींनाही लावले. अलाहाबादच्या न्यायालयाने याच प्रश्नावर उलट कौल दिला होता! पाट लावणारी स्त्री पूर्वीही बहुधा जमीन सोडूनच जाई, हे खरे. पण तेव्हा पंचांपुढे घासाघीस करता येई. छापील कलमापुढे ती सोय उरली नाही.

काडीमोडीचे तर त्याहून वाईट झाले. जातीला विवाह मोडण्याचा अधिकार नाही, असे याच न्यायालयाने १८७६ च्या ‘संभू रघू’ खटल्यात ठरवले. नवऱ्याची संमती नसताना केवळ पंचांच्या परवानगीने केलेला पाट आता दंडसंहितेखालचा गुन्हा झाला.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. ते धैर्य निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या समाजासाठी जे दार उघडत होते, त्याच दाराची चौकट मुरूडच्या शेतात राबणाऱ्या कुणबिणीला अरुंद पडत होती.

पेरूतही असेच घडले. इंका काळात आईकडून मुलीकडे जाणारे हक्क होते; स्पॅनिश कायद्याने विवाहितेला पतीच्या अधिकाराखाली आणले. तेथे उघड विजेत्यांचा कायदा होता, येथे सुधारणेचा. म्हणून येथील हानी लवकर दिसत नाही.

रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला पुन्हा कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, कलम २९ मध्ये. १८५६ चा कायदा पुस्तकातून गेला १९८३ साली.