पंधरा वर्षांनी सापडलेली पहिली बाई

रीच रेकॉर्ड्स ही ख्रिस्ती हिप हॉपमधली अमेरिकेतली नावाजलेली कंपनी. लेक्रे या कृष्णवर्णीय रॅपरने बेन वॉशर या मित्रासोबत ती 2004 मध्ये काढली. आज तिचं ठाणं अटलांटात आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या गावात. या कंपनीने आपली पहिली स्त्री कलावंत करारबद्ध केली ती थेट 2019 मध्ये. तिचं नाव वांडे. नायजेरियात जन्मलेली, टेक्ससमध्ये वाढलेली, पत्रकारिता शिकलेली. करार होण्याआधी ती याच कंपनीच्या कार्यालयात नोकरी करत होती. इतरांच्या गाण्यांची व्यवस्था बघणारी ही मुलगी स्वतः उत्तम रॅप करते. पण शोषितांचा आवाज म्हणवणाऱ्या या कंपनीच्या यादीत एका बाईचं नाव यायला पंधरा वर्षं गेली.

आता आमचेच काही मित्र विचारतील, अमेरिकेतल्या येशूच्या रॅपशी आपलं काय देणंघेणं? धर्म म्हणजे अफू, त्यात हा तर पाद्र्यांचा रॅप. या मित्रांना आम्ही एवढंच विचारतो की धर्म ही एवढी फालतू गोष्ट असती तर बाबासाहेबांनी 1935 च्या येवल्याच्या घोषणेपासून 1956 च्या नागपूरपर्यंत एकवीस वर्षं तिच्यावर कशाला खर्च केली असती? राहिला अमेरिकेचा प्रश्न. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमच्या शेजारी. दलित पँथरने 1972 मध्ये नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. काळ्यांच्या लढ्याचा अभिमान सांगायचा आणि त्या लढ्यातल्या बायकांचं काय झालं हे विचारायचं नाही, ही सोयीची मैत्री झाली.

काळ्यांनी ख्रिस्ती धर्माचं काय केलं, ते आधी नीट समजून घेऊ. तो धर्म त्यांच्या गळ्यात मारला तो मालकांनी. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. इजिप्तच्या गुलामीतून लोक बाहेर पडतात, ती मोशेची कथा तिच्यातून जवळपास कापून टाकली होती. गुलामाच्या हाती ग्रंथ द्यायचा, पण सुटकेचं पान फाडून. शूद्राच्या कानात वेद पडू नये म्हणणाऱ्यांना ही युक्ती लगेच समजेल. पण गुलामांनी ते फाटलेलं पान तोंडी जपलं, गाण्यांतून जपलं. फ्रेडरिक डग्लसने 1845 च्या आत्मचरित्रात मालकांचा ख्रिस्त आणि खरा ख्रिस्त यांत स्वच्छ रेघ मारली. पुढे जेम्स कोन यांनी 1969 मध्ये काळ्यांचं धर्मशास्त्र उभं केलं आणि 2011 च्या पुस्तकात क्रूस आणि काळ्यांना ज्या झाडांवर लटकवून मारलं ती झाडं एका ओळीत आणून ठेवली. ख्रिस्ती हिप हॉपकडे गंभीरपणे बघायला हवं ते या वारशामुळे. त्यात नुसत्या टाळ्या आणि हालेलुया नाहीत. 2012 मध्ये प्रोपगंडा नावाच्या रॅपरने गोऱ्यांच्या लाडक्या प्युरिटन धर्मगुरूंना भर गाण्यात गुलाम बाळगल्याचा जाब विचारला, तेव्हा गोऱ्या चर्चमध्ये केवढी खळबळ उडाली होती!

पण याच वारशाच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना आपले वक्ते पाणी पितात.

फिलाडेल्फियातल्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळे भाविक गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्यांना ओढून उठवलं गेलं. त्या अपमानानंतर रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती तिथून बाहेर पडले आणि पुढे काळ्यांचं स्वतंत्र चर्च उभं राहिलं. धर्मांतर नसलं तरी हा सामूहिक बहिष्कारच होता, आपल्याला अगदी जवळचा. याच ॲलनकडे 1811 च्या सुमारास जरीना ली नावाची स्त्री गेली. मला प्रवचन करायचं आहे, म्हणाली. ॲलननी नकार दिला, नियमात बसत नाही म्हणून. आठेक वर्षांनी त्याच चर्चमध्ये एक उपदेशक बोलता बोलता अडखळला. जरीना ली बाकावरून उठली आणि तिने तिथूनच प्रवचन सुरू केलं. ते ऐकून ॲलन नमले, तिला परवानगी मिळाली. नंतर ती हजारो मैल फिरली, आत्मचरित्र लिहिलं आणि 1836 मध्ये पदरमोड करून छापलं. तिच्या चर्चला मात्र स्त्रियांना दीक्षा द्यायला 1948 उजाडलं, आणि पहिली स्त्री बिशप झाली 2000 साली.

गोऱ्याने उठवलं की ते पाप, आणि आपण बाईला बसवलं की तो नियम. रिचर्ड ॲलन मोठा माणूस, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रश्न मोठ्या माणसांचाच आहे. छोट्या माणसांच्या हाती माईक असतोच कुठे?

आता रॅपकडे या. ख्रिस्ती रॅप हे केवळ गाणं नसतं, ते प्रवचन असतं. सोळा ओळींत पापाचा, सुटकेचा, शास्त्राचा अर्थ सांगायचा असतो. बाईने गॉस्पेल गायला चर्चची हरकत फारशी कधी नव्हती. रॅपच्या मध्ये ध्रुवपदाला बाईचा गोड गळाही चालतो. पण ती रॅप करू लागली की शिकवू लागते, आणि तिथे पौलाच्या नावावरचं पत्र आडवं येतं. स्त्रीने पुरुषाला शिकवू नये, गप्प राहावं, असा त्यातला हुकूम. मनूने काय सांगितलं ते आपल्याला पाठ आहे, आणि 25 डिसेंबर 1927 ला महाडला त्याचं काय केलं तेही. पौलाचं हे पत्र कुणी जाळलेलं नाही. उलट अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रचंड पंथाने 2000 साली आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात लेखी घालून ठेवलं की पाद्री पुरुषच असेल. गुलाम बाळगण्याच्या हक्कासाठी 1845 मध्ये वेगळा झालेला आणि त्याची माफी मागायला 1995 पर्यंत थांबलेला हा पंथ! बायकांच्या बाबतीत तो स्त्री-पुरुष समान म्हणतो आणि लगेच ‘पूरक’ हा शब्द जोडतो. हा शब्द ओळखीचा वाटतो का? आपल्याकडे संघ परिवाराच्या भाषणांत ऐकला असेल.

तुम्ही म्हणाल, रॅपर काळे आणि पंथ गोऱ्यांचा, मग याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध पैशाचा आहे. ख्रिस्ती संगीताचा बाजार म्हणजे मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गाची चर्चेस, त्यांची तरुण मंडळं, त्यांची शिबिरं, त्यांचे रेडिओ. काळा ख्रिस्ती रॅपर मोठा होतो तो बहुतेक याच मांडवाखाली. लेक्रेचा ‘ॲनोमली’ हा अल्बम 2014 मध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा तो या मांडवाचा लाडका होता. त्याच वर्षी फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राऊन हा काळा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. लेक्रे त्यावर बोलू लागला आणि मांडवाचे खांब हलले. 2016 मध्ये त्याने स्वातंत्र्यदिनी शेतात राबणाऱ्या गुलामांचा फोटो टाकला, तर त्याचेच चाहते त्याच्यावर तुटून पडले. 2017 मध्ये त्याने गोऱ्या चर्चपासून आपण दूर होत असल्याचं उघडपणे सांगितलं. येशूवर गा, आमच्यावर बोलू नकोस, असा हा व्यवहार होता. आणि गोऱ्यांच्या त्या चर्चला नुसता ‘तसला’ रॅपही सगळ्यांना चालत होता असं नाही. 2013 मध्ये गोऱ्या उपदेशकांच्या एका चर्चेत ख्रिस्ती रॅपर्सना भ्याड ठरवून झालं होतं.

आमचं म्हणणं असं की पंधरा वर्षांचं कोडं इथेच सुटतं. गिऱ्हाईक गोरं चर्च, त्याचं शास्त्र बाईच्या तोंडावर बोट ठेवणारं. माल बनवणारे काळे पुरुष, त्यांच्या स्वतःच्या चर्चलाही बाईचं प्रवचन पचायला शंभरावर वर्षं लागलेली. दोन्हीकडून चेपलेल्या जागेत काळ्या मुलीचा माईक कुठून येणार? ‘चांगल्या रॅपर मुली मिळतच नव्हत्या’ हे उत्तर कृपया देऊ नका. ‘पात्र उमेदवार मिळाले नाहीत’ हा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवणाऱ्यांची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही.

माईक मिळाला तरी तो कुठल्या अटीवर, हेही बघा. जॅकी हिल पेरी ही सेंट लुईसची कवयित्री आणि रॅपर. तिचा ‘द आर्ट ऑफ जॉय’ हा अल्बम 2014 मध्ये पोर्टलंडच्या हम्बल बीस्ट या कंपनीने काढला आणि लोकांना फुकट दिला. शब्दांवर तिची हुकमत अशी की भलेभले पुरुष रॅपर मागे पडावेत. पण गोऱ्या चर्चच्या मोठ्या सभागृहांत तिचं नाव झालं ते एका साक्षीमुळे: मी आधी समलिंगी होते, येशूने मला बदललं. 2018 च्या तिच्या पुस्तकाचा विषयही तोच. तिची श्रद्धा तिची, तिचा संसार तिचा, त्यात आम्हाला नाक खुपसायचं नाही. पण त्या सभागृहांना एका काळ्या स्त्रीचा आवाज सर्वात गोड कधी लागला, तर त्यांच्या नियमाच्या बाजूने ती स्वतःच्या भूतकाळाविरुद्ध उभी राहिली तेव्हा. समलिंगी तरुण-तरुणींवर त्या साक्षीचं ओझं पडतं, ते वेगळंच. आंबेडकरी माणसाने इथे संकोच करू नये. समता पुरुषापुरती, भिन्नलिंगी माणसापुरती, आपल्या जातीपुरती असा तिचा वाटा काढता येत नाही.

दुसऱ्या बाजूला काही उत्साही मंडळी आहेत. त्यांच्या मते वांडेचा करार झाला, 2020 मध्ये ‘एक्झिट’ हा तिचा संग्रहही आला, विषय संपला. यांना प्रतिनिधित्वाचा एक फोटो पुरतो. एक बाई आली म्हणजे दार उघडलं, की दाराची फट दिसली? हिप हॉपचा इतिहास विचारा. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ज्या पार्टीत हिप हॉप जन्मलं असं जग मानतं, ती पार्टी भरवली होती सिंडी कॅम्पबेल या मुलीने. शाळेचे नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. पोरींना पंचवीस सेंट, पोरांना पन्नास. नाव झालं ते रेकॉर्ड लावणाऱ्या तिच्या भावाचं, कूल हर्कचं. 1979 मध्ये रॅपची पहिली मोठी गाजलेली तबकडी बाजारात आणली तीही सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईनेच. आणि 1973 च्याच ऑक्टोबरमध्ये सिस्टर रोझेटा थार्प वारली. चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणारी, क्लबात गायली म्हणून चर्चवाल्यांचे बोल खाल्लेली, जिच्यापासून रॉक अँड रोलचे मोठमोठे पुरुष शिकले ती. तीसहून जास्त वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

बायका पहिल्या असतात, मोजदादीत नसतात. आणि हे आपल्यालाही चुकलेलं नाही. 1855 मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्ञानोदय हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र, म्हणजे अमेरिकन ख्रिस्त्यांनी चालवलेलं. त्या पानांवर तिने ब्राह्मणी धर्माला असा जाब विचारला की आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण तिचा दुसरा निबंध आपल्यापर्यंत आलेला नाही. एकदा माईक मिळाला, नंतर शांतता. त्याच मिशनच्या मराठी चर्चमध्ये अहमदनगरकडचे ख्रिस्ती झालेले लोक बहुसंख्येने महार आणि मांग. आणि त्यांच्या उपासनेतल्या पदांत सर्वात मोठं नाव कुणाचं? नारायण वामन टिळकांचं, चित्पावन ब्राह्मणाचं. टिळकांची भक्ती खरी होती, पण गाण्याचा मान कुणाकडे गेला ते लपत नाही.

आणि आपली गायन पार्टी? भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, ही नावं आपण एका दमात घेतो. तितक्याच दमात पाच बायकांची नावं घेऊन दाखवा. कडूबाई खरात, वैशाली शिंदे, सुषमा देवी... पुढे? कडूबाईंना घराघरात नेलं ते मोबाईलवरच्या व्हिडिओंनी. आपल्या जयंतीत मुलींच्या वाट्याला सकाळची वंदना, स्वागतगीत आणि फार तर सूत्रसंचालन येतं. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचं बाबासाहेबांचं वाक्य बॅनरवर असतं, आणि त्या बॅनरखाली रात्री दहाला मुख्य कार्यक्रम सुरू होतो तेव्हा मंचावर सगळे पुरुष असतात. आज आपल्या वस्त्यांतल्या मुली रॅप लिहितायत. जात, आरक्षण, बापाची दारू, नवऱ्याचा मार, सगळं लिहितायत. ‘चळवळीवर बोल, घरातलं बाहेर काढू नकोस’ असं त्यांना सांगणारे भाऊ आम्हाला रोज भेटतात. लेक्रेला गोऱ्या चर्चने जे सांगितलं, त्याहून हे वेगळं कसं, ते या भावांनी आम्हाला समजावून सांगावं.

14 एप्रिलच्या बैठका लवकरच सुरू होतील. वर्गणीच्या वहीत मंडप, डीजे, गायन पार्टी असे रकाने पडतील. यंदा त्या वहीत एखाद्या मुलीच्या नावापुढे किती मानधन लिहिलं आणि तिला रात्रीची कोणती वेळ दिली, ते प्रत्येक कमिटीने आम्हाला कळवावं. आम्ही वहीचं ते पान बघायला येणार आहोत.