एका कागदापायी टेंडर बाद, भुर्दंड मात्र गावाला

बुलढाणा : मोताळा असो की लोणार, दोन लिफाफ्यांच्या टेंडरमध्ये आधी कागदपत्रं तपासतात. तिथं ठेकेदार बाद झाला की त्याच्या दराचा लिफाफा उघडतच नाही. सगळ्यात कमी दर त्याचाच असला, तर जादा पैसा जनतेचा जातो.

पण प्रत्येक त्रुटी सारखी नसते. वाराणसीच्या रेल्वे इंजिन कारखान्याच्या भंगार विक्रीत एका कंपनीनं अनामत रक्कम स्टेट बँकेऐवजी युनियन बँकेच्या चेकनं भरली. सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये सांगितलं, पात्रतेची मुख्य अट पाळावीच लागते. अशी किरकोळ त्रुटी मात्र अधिकारी माफ करू शकतात.

ही माफी एकाला अन् दुसऱ्याला नाही, तिथंच संशय येतो. कोण कोणत्या कागदावरून बाद झालं, हे माहिती अधिकारात कुणालाही विचारता येतं.