थंडीचे पुस्तक, मृगाचा पाऊस

परदेशी कॅराव्हॅनच्या माहितीपुस्तिकेत हंगाम संपल्यावरच्या प्रकरणात बर्फच गृहीत धरलेला असतो. पाइप रिकामे करा, अँटिफ्रीझ भरा, गाडी झाकून ठेवा. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आल्यावर टेम्पो ट्रॅव्हलरवर घर बांधून देणारे आपल्यातही वाढले. गाडीबरोबर सूचना मात्र तीच, भाषांतर करून दिलेली.

भिवंडीत पाणी गोठत नाही. इथे गाडी खराब होते ती मृगापासून घटस्थापनेपर्यंत. राहनाळ, काल्हेर, मानकोलीच्या पट्ट्यात गोदामाच्या कोपऱ्यात भाड्याने उभ्या केलेल्या गाड्या पाहा. दमट हवा, खाडीचा खारा वारा, यंत्रमागांची तूस आणि उंदीर. त्यात मालक प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट आवळून जातो. आतली वाफ आतच कोंडते आणि प्लायवुडला, गादीला बुरशी धरते. गोदामाचे छप्पर चांगले असेल तर गाडी झाकूच नका. छताची झडप बोटभर उघडी ठेवून तिला जाळी लावा, गाद्या उभ्या करा.

पाण्याची टाकी आणि पाइप मात्र इथेही रिकामेच करायचे, कारण साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते आणि डास होतात. डिझेलची टाकी उलट काठोकाठ भरायची. अर्धवट टाकीत हवेतला ओलावा थेंब होऊन तळाशी बसतो, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जिवाणू वाढून फिल्टर तुंबतो.

बॅटरीबाबत सगळ्यांना एकच नियम सांगणे ही आपली वाईट खोड आहे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायची; १२.४ व्होल्टच्या खाली गेली की पुन्हा चार्ज करायची, नाहीतर प्लेटांवर सल्फेट बसते. घराच्या भागातली लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण निम्म्या चार्जवर ठेवून तिचा स्विच बंद करायचा. हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला चिकटतात. चाकांना गुटके लावावेत. गॅसची टाकी काढून हवेशीर जागी उभी ठेवावी.

"पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा हो," असा मालकाचा फोन येतो. नका करू. एवढ्यात इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि स्टार्टरने ओढलेला करंटही बॅटरीत परत जात नाही. चालवायचीच तर रस्त्यावर चांगली गरम होईपर्यंत चालवा, नाहीतर उभीच राहू द्या. (लडाखला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या कूलंटचे प्रमाण आणि डिझेल घट्ट होण्याचा धोका निघण्याआधीच पाहावा.)

जागा निवडताना कामवारी नदी विसरू नका. जुलै २००५ चा पूर पाहिलेल्याला हे सांगावे लागत नाही. पाणी चढलेच तर उतरल्यावर चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही.

गोदामवाला फक्त जागेचे भाडे घेतो. पंधरवड्याला एक फेरी, व्होल्टेजची नोंद, उंदरांची पाहणी, चाके थोडी पुढे-मागे फिरवणे ही कामे मालकाकडून वेगळा दर ठरवून आपण घ्यायला हवीत. आज आपण ती ओळखीखातर फुकट करतो, म्हणून ती धड होत नाहीत. दसऱ्याला हार घालायला गाडी बाहेर काढतात, तेव्हा ब्रेक कुणी तपासलेला नसतो. या वर्षी दरपत्रक वैशाखातच छापून घ्या.